लपत्या दिव्यांच्या मोटरीविषयी एक दुरुस्ती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी जे सदर येते, त्याचा मी नियमित वाचक आहे. गेल्या रविवारी त्यात बॉनेटमध्ये लपणाऱ्या आणि बटण दाबताच वर येणाऱ्या दिव्यांच्या स्पोर्ट्स गाड्यांविषयी लिहिले होते. या दिव्यांची मोटर बिघडली तर तिच्या नादी न लागता ती काढून टाकावी, दिवे वर उचलून लोखंडी पट्टीने कायमचे जोडून घ्यावेत, म्हणजे कटकट मिटते, असा सल्ला लेखकाने त्यात दिला आहे. बाकी लेख माहितीपूर्ण होता. हा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि तो वाचून कोणी गॅरेजकडे निघण्यापूर्वी हे पत्र छापून यावे अशी इच्छा आहे. सल्ल्याप्रमाणे नेमके तेच काम पाच वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गाडीवर होऊन गेले आहे, म्हणून मी अधिकाराने लिहीत आहे. शिवाय तंत्रशिक्षक म्हणून माझी नोकरी विजेच्या मोटरी मुलांकडून खोलून घेण्यात आणि त्यांनी गमावलेले स्क्रू शोधण्यात गेली, हेही एक कारण आहे.

आमची गाडी ट्रायम्फ टीआर-७ ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. माझे थोरले बंधू डॉक्टर होते आणि काही वर्षे लिव्हरपूलच्या रुग्णालयात नोकरीला होते. त्याच शहराच्या स्पीक भागातील कारखान्यात १९७७ मध्ये तयार झालेली ही गाडी त्यांनी तिथे घेतली आणि १९८२ मध्ये कायमचे परत येताना सोबत आणली. पाचरीसारखे उतरते नाक, १९९८ सीसीचे तिरके बसवलेले चार सिलिंडरचे इंजिन आणि नाकात मिटलेले दोन दिवे, असे तिचे रूप आहे. इंदुरात रामबागेतील आमच्या गल्लीत तिला ‘आँखवाली गाडी’ म्हणत. संध्याकाळी दादा दवाखान्यातून परतायच्या सुमारास मुले कोपऱ्यावर उभी राहत आणि दादाही त्यांच्यासाठी उगाच दोनदा दिवे उघडझाप करत. दादा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली.

काही काळाने तिचा उजवा दिवा अर्ध्यावर येऊन अडकू लागला. कधी पूर्ण वर येई, कधी थरथरून थांबे. वहिनी म्हणाल्या, गाडीचा उजवा डोळा लवतो आहे, पण गाडी बाई की बुवा हे ठरल्याखेरीज शकुन की अपशकुन ते सांगता येणार नाही. मी त्या वेळी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठलो होतो, वाकणे शक्य नव्हते, म्हणून गाडी शहरातल्या एका गॅरेजमध्ये दिली. ‘भिया, मोटर तो गई,’ एवढे निदान पाच मिनिटांत झाले. संध्याकाळी गेलो तेव्हा मोटर बसवण्याची पत्र्याची बैठक ग्राइंडरने कापलेली होती, वायरी टेप गुंडाळून मागे सारल्या होत्या आणि दिव्याची चौकट एका पट्टीला वेल्डिंग करून कायमची उभी केली होती. मोटर भंगाराच्या डब्यात पडली होती, ती मी मागून घेतली. घरी आणून इन्व्हर्टरच्या बॅटरीला दोन वायरींनी जोडली, तर शिवणयंत्रासारखी सुरळीत चालली.

दोष मोटरीत नव्हताच. पुढे गुडघा वाकू लागल्यावर मी तीच मोटर गाडीच्या मूळ वायरींना जोडली आणि ती चालू असताना तिची अर्थिंगची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मल्टिमीटर लावला. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तरी तो जास्तच समजावा. मला तीन व्होल्टच्या वर दिसला. म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतील चौथा हिस्सा मोटरीपर्यंत पोहोचण्याऐवजी एका गंजलेल्या जोडावर खर्ची पडत होता. पुढच्या पत्र्यावर बोल्टखाली दाबलेला तो जोड हिरवट-पांढऱ्या पुटाने भरला होता. पॉलिश पेपरने घासून, नवे वॉशर घालून तो आवळायला पंधरा मिनिटे लागली. तेवढ्या कामासाठी गाडीच्या अंगावर कापाकापी झाली होती.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, मोटर काढण्याचा विचार हा सर्व तपासण्या संपल्यावर करायचा आहे. आधी फ्यूज, मग रिले (मोटरीची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), मग अर्थिंग, मग मोटरीच्या प्लगपाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचतात ते पाहावे. हे सर्व मोटरीवर भार असतानाच तपासावे, कारण नुसत्या उघड्या वायरीवर मल्टिमीटर नेहमीच आश्वासक आकडा दाखवतो. एका बाजूचा दिवा नीट चालत असेल तर दोन्ही बाजूंचे रिले आपसात बदलून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे, अर्थात ते एकसारखे आहेत याची खात्री करून.

या मोटरीत गूढ असे काही नाही, आणि ज्याला काचेवरच्या वायपरची मोटर कळते त्याला ही कळलीच पाहिजे. वायपरचे बटण मध्येच बंद केले तरी पाते काचेच्या तळाशी जाऊनच थांबते, ते मोटरीच्या गिअरबरोबर फिरणाऱ्या संपर्काच्या चकतीमुळे. आमच्या दिव्यांतही तसेच आहे. मोटर एकाच दिशेने फिरते. तिच्या दांड्यावरचा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, एका मोठ्या चाकाला सावकाश फिरवतो, त्या चाकाच्या आसावर बाहेरून एक छोटा क्रँक, म्हणजे फिरती भुजा, असतो आणि क्रँकला जोडलेली लिंक, म्हणजे जोडदांडी, दिव्याची चौकट ढकलते. अर्ध्या फेऱ्यात दिवा वर, उरलेल्या अर्ध्यात खाली, आणि प्रत्येक टोकाला आतला संपर्क वीज तोडून मोटर थांबवतो. यातली खुबी अशी की, टोकाच्या जागी क्रँक आणि लिंक एका रेषेत येतात, त्यामुळे वेगात वाऱ्याने दिव्यावर कितीही दाब दिला तरी तो मोटरीला उलटी फिरवू शकत नाही. पट्टी मारून दिवा ‘पक्का’ करणाऱ्याने या रेषेकडे एकदा पाहिले असते, तर तो मुळातच पक्का आहे हे त्याच्या ध्यानात आले असते.

सर्व तपासूनही मोटरच मंद निघाली, तर ती जरूर काढावी. आमच्या गाडीची डावी मोटर दोन वर्षांपूर्वी खरोखरच थकली, तेव्हा मी ती स्वतः काढली. त्यात दोन रविवार गेले, त्यांपैकी एक माझ्या चुकीमुळे. सर्वप्रथम दिवा वर असला पाहिजे. तो मिटलेला असताना क्रँकच्या नटापर्यंत पाना पोहोचत नाही, आणि बहुतेक कापाकापी याच अडचणीतून सुरू होते. कारखान्याने याची सोय केलेली असते. मोटरीच्या अंगालाच हाताने फिरवण्याची एक मूठ असते, बहुधा रबरी टोपीखाली झाकलेली. तिथे बोट घालण्यापूर्वी मात्र बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. चिकटलेला रिले अवेळी जागा झाला तर चौकट कात्रीसारखी मिटते आणि तिला बोट आणि पत्रा यांतला फरक कळत नाही. मूठ पुष्कळ वेळा फिरवावी लागते, कारण वर्म गिअरमुळे तिच्या अनेक फेऱ्यांत चौकट थोडीशीच हलते, पण जोर लावायचा नाही. चौकट पूर्ण उभी राहिली की तिच्याखाली लाकडाचा ठोकळा लावावा, म्हणजे लिंक सुटल्यावर ती हातावर येणार नाही.

मग प्लग ओढून काढावा, तोही वायरीला धरून नव्हे तर प्लगच्या अंगाला धरून, कारण इतक्या वर्षांत त्याचे प्लास्टिक बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते. यानंतर खिळ्याने किंवा रंगाच्या ठिपक्याने क्रँक आणि आसाचे टोक यांवर मिळून एक खूण करावी. मी पहिल्या रविवारी हीच पायरी विसरलो. क्रँक आसावर अर्धा फेरा चुकवून बसवला आणि परिणाम असा झाला की, दिव्याचे बटण दाबले की डावा दिवा पेटून बॉनेटमध्ये शिरे आणि बटण बंद केले की विझून वर येई. दिवसा टक्क उघडा आणि रात्री मिटलेला असा तो डोळा पाहून वहिनींनी गाडीची तुलना आमच्या एका नातेवाइकाशी केली, ती येथे लिहिण्यासारखी नाही.

क्रँकचा नट सोडवताना क्रँकलाही दुसऱ्या पान्याने धरून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. तसे न केल्यास नटावर लावलेला सगळा जोर आतल्या गिअरच्या दातांवर जातो, आणि चांगली मोटर काढता काढताच मोडते. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे, आणि सकाळीही तो हलला नाही तर पुन्हा तेल लावून दुसऱ्या सकाळची वाट पाहावी. लिंकची लांबी मात्र बदलू नये. मिटलेला दिवा बॉनेटच्या पातळीत बसतो तो त्या लांबीमुळे, आणि एकदा ती हलली की दिव्याची कड एका बाजूने वर राहते व नंतर आठवडाभर त्याच्याशी झुंजावे लागते. लिंक चेंडूच्या सांध्यावरून रुंद पेचकसाने हळूच उचकटून बाजूला केली आणि बैठकीचे बोल्ट सोडले की मोटर अलगद हातात येते. कोणता बोल्ट कोणत्या भोकातला हे पुठ्ठ्यावर बैठकीचे चित्र काढून त्यातच खोचून ठेवावे. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे तीस वर्षे सांगत आलो, आणि तरीही माझा एक वॉशर उरलाच.

मोटर खोलली तर आत बहुधा तीन गोष्टी सापडतात. मूळचे ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते, फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि थांबवणाऱ्या संपर्कावर काळा थर चढलेला असतो. दिवा टोकाला न थांबता पुन्हा पुन्हा उघडझाप करत राहिला, तर दोष या काळ्या थरात किंवा रिलेत शोधावा. जुने ग्रीस पुसून काढून नवे थोडेसेच लावावे. संपर्काच्या चकतीवर ते मुळीच जाऊ देऊ नये. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग, अगदी बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. मोटरीच्या गोल डबीवर हातोडी तर चालवूच नये, कारण आतली चुंबके चिनी मातीच्या भांड्यासारखी तडकतात. डबीवर आणि गिअरच्या घरावर जुळणीच्या खुणा नसल्या तर खोलण्यापूर्वी आपण कराव्यात. डबी अर्धा फेरा उलटी बसली की चुंबकाचे ध्रुव बदलतात आणि मोटर उलट्या दिशेने फिरू लागते.

सुटे भाग मिळत नाहीत, हे लेखकाचे दुसरे कारण होते. पूर्ण नवी मोटर इंदुरात मिळणार नाही हे खरे आहे, पण मोटर दुरुस्त होण्यासाठी नवी मोटर लागत नाही. माळव्यात शेतकऱ्यांचे पंप वर्षानुवर्षे रिवाइंड करणारे कारागीर आहेत. आमच्या मोटरीचे आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, त्यांतल्याच एका गृहस्थांनी तपासून दिले. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले आणि ‘हे तर खेळणे आहे’ असे म्हणून चहा होईपर्यंत काम परत केले. कार्बन ब्रश मोठ्या मापाचे आणून कानशीने घासून मापात आणता येतात. मात्र ते होल्डरमध्ये सहज सरकले पाहिजेत आणि त्यांची वायर ताणलेली राहता कामा नये. बोल्ट-वॉशर सियागंजच्या बाजारात मिळाले. दिवा स्वतः तर सात इंची गोल, म्हणजे ॲम्बेसडरचा, जुन्या जीपचा आणि बुलेटचा जो दिवा तेच त्याचे माप. कापलेली बैठक डाव्या बाजूच्या बैठकीवरून आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट बेतून घ्यावी लागली. सगळ्यात जास्त खर्च आणि वेळ तिलाच लागला, आणि ती आयात केलेल्या भागामुळे नव्हे तर ग्राइंडरमुळे लागली.

लेखात या दिव्यांना ‘निव्वळ दिखाऊपणा’ म्हटले आहे, तेही पुरते खरे नाही. अमेरिकेत १९४० पासून बंद काचेच्या ठरावीक मापाच्या गोल दिव्यांची सक्ती होती आणि ते जमिनीपासून निदान २४ इंच उंचीवर असावेत असा दंडक होता. टीआर-७ मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी आखलेली होती आणि १९७५ मध्ये ती प्रथम तिथेच विक्रीस आली. इतके खाली उतरते नाक आणि इतका उंच दिवा या दोहोंचा मेळ घालायचा तर दिवा हवा तेव्हा वर येण्यावाचून मार्ग नव्हता. १९८३ मध्ये अमेरिकेने गाडीच्या आकाराला बेतलेले दिवे मान्य केल्यावर ही गरज ओसरू लागली, पुढे पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक होत गेले, आणि २००४ नंतर मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांतून असे दिवे नाहीसे झाले. लेखकाने महाराजा यशवंतराव होळकर यांच्या ड्युसेनबर्ग या अमेरिकी गाडीचा अभिमानाने उल्लेख केला आहे, म्हणून एक पुरवणी जोडतो. ती कंपनी ज्या ई. एल. कॉर्ड यांच्या मालकीची होती, त्यांच्याच नावाच्या १९३६ च्या कॉर्ड ८१० या गाडीत लपते दिवे आले. ते विमानाच्या उतरण्याच्या दिव्यांवरून बेतलेले होते आणि डॅशबोर्डच्या दोन टोकांच्या हँडलांनी हाताने फिरवावे लागत. मोटर नव्हती, म्हणून ती कापण्याचा प्रश्नही कोणापुढे आला नसावा.

आता नियमाचे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि त्याची चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरबदल केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. आमच्या गाडीला २०२७ मध्ये पन्नास वर्षे होतील. दिव्याची मोटर त्या अटीत नावाने येत नाही हे मी मान्य करतो. पण बॉडीचा पत्रा कापून त्याला पट्टी वेल्ड केलेली असेल, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभे राहून हा फेरबदल नव्हे असे सांगण्याची माझी तरी तयारी नव्हती. बैठक पुन्हा मुळाबरहुकूम करून घेण्यामागे हेही एक कारण होते.

आणि कोणाला खरोखरच कटकट नको असेल, दिवे नेहमी वरच ठेवायचे असतील, तर त्यासाठी काहीही कापण्याची किंवा मोटर काढण्याची गरज नाही. तीच हाताची मूठ फिरवून दिवे वर करावेत, मोटरीचा प्लग काढून त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधावी, आणि गाडी चालवावी. क्रँक टोकाच्या रेषेत असल्यामुळे दिवा खाली येत नाही. मन बदलले, किंवा गाडी पुढच्या पिढीकडे गेली, तर प्लग पुन्हा लावायला एक मिनिट लागते. मोटर पुन्हा बसवल्यावर मात्र रात्री सपाट भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचे डिपरचे झोत पाहून घ्यावेत. आमचा डावा झोत समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरील खिडकीत जात होता, आणि ते शेजाऱ्यांनी कळवेपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते.

सदराच्या लेखकांनी येत्या रविवारी आपला सल्ला मागे घ्यावा, अशी विनंती आहे. त्यांना किंवा अन्य कोणा वाचकाला मोटर कशी निघते ते प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. उजव्या मोटरीचे ब्रश मला या दिवाळीच्या सुट्टीत बदलायचेच आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रशिक्षक
रामबाग, इंदूर